आखूड पाना

साठ-एकसष्टच्या सुमाराला यशवंतपूर स्टेशनामागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. घरचे मराठी, पण बोलण्यात कानडी 'स्वल्प', म्हणजे जरासं, आल्याशिवाय राहायचं नाही. ऑइल बदलायला मोटारसायकल नेली की ते हात लावायचे नाहीत. "तुमची गाडी, तुम्हीच शिका," म्हणून मला खाली बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसून सांगायचे, "इंजिन स्वल्प गरम करा. स्वल्प थांबा, काळं सगळं गळू दे. बोल्ट स्वल्पच आवळा."

एका शनिवारी मी साहेबांशी भांडून ऑफिसातून सरळ तिथे गेलो. जुनं ऑइल काढलं, खालचा बोल्ट लावला आणि सगळा राग त्या पान्यावर काढला. बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला. आटे गेले होते.

अण्णा उठले. नवे आटे पाडून त्यांनी जाड बोल्ट बसवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला त्यांनी तोच पाना माझ्या हातात दिला. दांडा अर्ध्यात कापलेला होता. आता कितीही जोर लावला तरी बोल्ट बेतानेच आवळला जायचा.

"अण्णा, चांगला पाना कशाला कापलात?"

"तुमचं ऑफिस काही बदलणार नाही. म्हटलं, पाना बदलू. सरी? ठीक?"

ऑफिसबद्दल मी त्यांच्याकडे कधी अवाक्षरही काढलं नव्हतं.