मनगटातली सासू

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. झाशीपासून बीनापर्यंतची स्टेशनं ते झोपेतही सांगत. माझं पाठांतर मात्र कच्चं. मेडिकलच्या पहिल्या वर्षी मनगटातली आठ हाडं क्रमाने सांगायची वेळ आली की पाचव्यावर माझी गाडी उभी राहायची. वरच्या वर्गातल्या मुलांकडे यासाठी एक इंग्रजी वाक्य होतं, पण ते इतकं वाह्यात की मनातल्या मनात म्हणतानाही माझे कान लाल होत. शेवटी मीच एक मराठी वाक्य जुळवलं : ‘सासू लाडू टाळते, पण टपोरे टोमॅटो कापते हळू.’ स म्हणजे स्कॅफॉइड, ल म्हणजे ल्युनेट, असं करत करत ह म्हणजे हॅमेट. तेव्हा मला सासू नव्हती, त्यामुळे कुणाचा अपमान होण्याचा प्रश्नच नव्हता.

हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत झाशीजवळच्या गरौठ्याची एक मुलगी राहायची. तिला मराठी येत नव्हतं. सास, लड्डू आणि टमाटर एवढं तिला कळलं, बाकीचं तिने मंत्रासारखं घोकलं. आम्ही दोघी पास झालो.

पुढे मी झाशीतच लग्न करून एका जुन्या मराठी घरात आले. हे लोक कित्येक पिढ्यांपासून इथले. त्यांच्या दृष्टीने माझ्या माहेरचं मराठी कालच्या गाडीने भुसावळहून उतरलेलं. पहिल्याच दिवाळीत मी सासूबाईंची तपासणी करवली, साखर निघाली, आणि मी लाडू बंद केले. त्या वाद घालत बसल्या नाहीत. आल्यागेल्याला फक्त सांगायच्या, “हमारी बहू डॉक्टर है. घर में मीठा बोलना भी मना है.”

एका सकाळी ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. पडताना त्यांनी उजवा हात टेकला. मी मनगट चाचपू लागले आणि सवयीने माझे ओठ हलायला लागले.

“काय पुटपुटतेस?”

“काही नाही, आई. हाडं बघतेय.”

अंगठ्याच्या बुडाशी एक खळगा असतो. तिथे दाबल्यावर त्या कळवळल्या. मी त्यांना टेम्पो रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे हाडांची डॉक्टर म्हणून बसली होती ती माझी गरौठ्याची मैत्रीण. मला बघून ती खूष झाली. सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, “मांजी, मराठी तो मुझे भी आती है. आपकी बहू ने सिखाई है.” मी मागून तिच्या पाठीला बोट टोचलं. तिला वाटलं मी लाजतेय. तिने एकेका शब्दावर जोर देत अख्खं वाक्य खणखणीत म्हटलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “हे तू शिकवलंस?”

“लग्नाच्या आधी, आई.”

“म्हणजे तयारी आधीपासूनच होती.”

एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही. मैत्रीण म्हणाली, या हाडाची चीर कधी कधी उशिरा दिसते, तोवर प्लास्टर घालू आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. परतताना इलाइट चौराह्यापर्यंत सासूबाई प्लास्टर निरखत होत्या. मग त्यांनी विचारलं, “दुखतंय ते हाड तुझ्या वाक्यात कितवं?”

“पहिलं.”

“म्हणजे सासूच.”

“हो.”

“आणि फोटोत काही दिसत नाही.”

“अजून तरी नाही.”

“सासूचं दुखणं कुणाला दिसतंय,” असं म्हणून त्या बाहेरची दुकानं बघू लागल्या. मला हसू आवरेना. थोड्या वेळाने त्यांचेही खांदे हलताना दिसले.

दोन आठवड्यांनी फोटोत बारीक चीर निघाली. आपलं दुखणं खरं ठरल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की तो फोटो त्यांनी शेजारच्या तीन घरांत दाखवून आणला. प्लास्टर अडीच महिने राहिलं. त्या काळात त्यांची वेणी मी घालायचे. वेणी घालून घेता घेता त्यांनी माझ्याकडून ऐकून आठही हाडं पाठ केली. माझ्यापेक्षा लवकर केली, हे कबूल करायला हवं.

एका दुपारी त्या म्हणाल्या, “स ला सूनही चालते की.”

“चालते.”

“मग लाडू सुनेने का नाही टाळले?”

प्लास्टर कापायच्या दिवशी त्यांनी मैत्रिणीलाही हाच प्रश्न विचारला आणि सुधारलेलं वाक्य शिकवलं. ती हसत हसत म्हणाली, मी शिकवते त्या मेडिकलच्या मुलांना दोन्ही सांगेन, ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं.

मनगट पुरतं वळायला आणखी काही आठवडे लागले. रोज सकाळी त्या कोमट पाण्यात हात बुडवून अंगठा फिरवत बसायच्या. मी घड्याळ घेऊन शेजारी बसायचे. दहा मिनिटं झाली की सांगायचे, आणि त्या म्हणायच्या, “आणखी थोडं.”