मेथीपुरता पाहुणा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मातीत होते. मार्चचा पहिला आठवडा, शनिवारची सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी टोमॅटोचं बी पेरत होते. चोवीस खणांचा ट्रे, प्रत्येक खणात दोन दाणे, अर्धा सेंटिमीटर खोल. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आदल्या रविवारी कऱ्हाडहून फोनवर बजावलं होतं, "मेघना, आता पेर. उशीर केलास तर मला हिरवेच खायला घालशील." फोन नणंदेचा होता. मनगटानं सरकवून स्पीकरवर घेतला. शुभांगी म्हणाली, "वहिनी, दादा आहे का जवळ?" आणि थांबली... मंदार आंघोळीला गेला होता. शेवटी तिनं मलाच सांगितलं. बाबा पहाटे झोपेतच गेले. मंदारला हाक मारायला मी उठले तेव्हा सोळा खण पेरून झाले होते, आठ रिकामे होते. ते आठ मी नंतरही भरले नाहीत.

मंदार त्याच दिवशी निघाला. आमच्या मुलीची, इराची शाळा होती, तिकीटही एकच मिळत होतं, म्हणून आम्ही दोघी इथे जर्मनीत, गेर्लिंगेनलाच राहिलो. तिकडे घर माणसांनी भरलेलं होतं, चुलत-मावस सगळे जमले होते, हे फोनवर मागून येणाऱ्या आवाजांवरून कळायचं. इथे आमच्या इमारतीत कोणाला काही माहीत नव्हतं. सोमवारी मी कामावर गेले. मी एका कंपनीत पगारपत्रकं बघते. स्वतःचे आईवडील गेले तर आमच्याकडे रजा मिळते, सासऱ्यांसाठी मिळत नाही. हा नियम मला कोणाला विचारावा लागला नाही, कारण इतरांना तो मीच सांगत असते. घरी आले की खिडकीतल्या ट्रेवरचं झाकण उघडून बघायची. मंदार परत आला तोवर सोळापैकी चौदा खणांत कोंब आले होते. ते कोणाला सांगावं असं वाटलं, आणि ज्यांना सांगायचं ते...

बाबा आधी चित्रकलेचे शिक्षक होते. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदा ते आमच्याकडे आले, तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून खाली येणारी-जाणारी ट्राम बघत असत. आठवड्याभरात वहीत त्यांनी ट्रामची बरीच चित्रं काढली आणि मग एक दिवस वही मिटून म्हणाले, "ट्राम झाली. आता काय?" तेव्हा मी श्रेबरगार्टनसाठी अर्ज केला. इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांना गावाच्या कडेला भाड्यानं बागेचे तुकडे मिळतात, त्यांची एक संस्था असते, तिला फेराइन म्हणतात. नंबर लागायला तीन वर्षं गेली. दोनशे चाळीस चौरस मीटर जागा, एक सफरचंदाचं झाड, एक लाकडी शेड, आणि पानभर नियम. कुंपण किती उंच, दुपारी आवाज कधी बंद, एकतृतीयांश जागेत भाजी आणि फळं हवीतच. मी नियम बाबांना मराठीत वाचून दाखवले. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे परसच की. फक्त सूचना जास्त आहेत." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या जागेचं नाव परस पडलं.

त्यांना पाहुण्याचा व्हिसा मिळायचा, तीन महिन्यांचा. कऱ्हाडचा उन्हाळा टाळायचा म्हणून ते मार्चअखेर यायचे आणि जूनच्या शेवटी जायचे. त्यामुळे झालं असं, की बागेचं अर्धं वर्ष त्यांचं आणि अर्धं माझं. कंपोस्टचा ढीग उलटायचा, वाफे खणायचे, फेराइननं हिवाळ्यात बंद केलेलं पाणी एप्रिलमध्ये सुरू झालं की नळाची गळती बघायची, मुळा, पालक, मेथी पेरायची, बटाटे लावायचे, मे महिन्यात टोमॅटो, घेवडा, भोपळा, झेंडू लावायचे, टोमॅटोच्या काठ्यांना जुन्या बनियनच्या पट्ट्या बांधायच्या, हे सगळं त्यांचं. मी शनिवारी जाऊन मदत करायची, पण ती हाताखालची. आणि तोडणी सगळी माझी. परस मिळाल्यावर पाच वर्षं ते आले. पाच वर्षांत त्यांनी इथला एकही टोमॅटो लाल झालेला बघितला नाही. तीन महिन्यांत जे उगवून हाताशी येतं, तेवढंच त्यांच्या पानात पडायचं. "मी आपला मेथीपुरता पाहुणा," असं ते स्वतःच म्हणायचे, आणि मेथीच्या भाजीत लसूण कमी पडला की, "पाहुण्याला असं वाढतात होय?"

आमचं भांडण अंतरावरून व्हायचं. मी टेप घेऊन जायची. पाकिटावर लिहिलेलं असतं, झेंडू पंचवीस सेंटिमीटर, टोमॅटो साठ. बाबा वितीनं मोजायचे. झेंडूला एक वीत, टोमॅटोला तीन. मी म्हटलं, "बाबा, वीत म्हणजे काही माप नाही. माझी वेगळी, तुमची वेगळी." ते म्हणाले, "मग लावतंय कोण?" एकदा ते फेराइनच्या नळावर गेले असताना मी त्यांची ओळ टेपनं तपासली. दोन रोपांमध्ये बावीस सेंटिमीटर. पुढच्या दोघांत बावीस. ओळ संपेपर्यंत बावीस किंवा साडेबावीस. पाकिटाच्या मानानं चूकच होती, पण चूक एकसारखी होती. परत येताना त्यांनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी कुदळीच्या लाकडी दांड्यावर चाकूनं चार खाचा पाडल्या, एकेका वितीच्या अंतरावर, म्हणाले, "घे. मी नसताना टेप शोधत बसू नकोस."

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. दुसऱ्या वर्षी अक्षय तृतीया एप्रिलमध्येच आली. त्या दिवशी आळी करून वेल लावायचे, ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी दोन मोठी आळी केली आणि खिडकीत वाढवलेली भोपळ्याची रोपं त्यात लावली. शेजारच्या प्लॉटच्या फ्राउ लिंडनर कुंपणापाशी येऊन हात हलवायला लागल्या. मेच्या मध्यापर्यंत इथे कधीही दहिवर गोठतं, त्या चार-पाच दिवसांना इथले लोक बर्फाचे संत म्हणतात, ते होऊन गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावत नाहीत. इरा मध्ये उभी राहून सांगत होती, "आजोबा, ती म्हणते, बर्फाचे संत अजून यायचेत." बाबा म्हणाले, "येऊ देत की. संत आले तर त्यांनाही भोपळ्याची भाजी वाढू." आठवड्यानं एका पहाटे तापमान उणे दोनवर गेलं. आम्ही पोचलो तेव्हा पानं उकडल्यासारखी काळी पडून मातीला चिकटली होती. फ्राउ लिंडनर त्यांच्या बाजूला वाकून काहीतरी करत होत्या, मुद्दाम वर बघत नव्हत्या. बाबांनी एक पान उचललं, बोटावर पसरून बघितलं आणि म्हणाले, "आपल्या मुहूर्ताला इथे व्हिसा नाही." नंतर दरवर्षी ते अक्षय तृतीयेला फक्त आळं करायचे, त्यात खत घालून पाणी द्यायचे आणि संत जाईपर्यंत रिकामं ठेवायचे. फ्राउ लिंडनर दरवर्षी ते रिकामे खड्डे बघून मान डोलवायच्या.

जुलैपासून माझं काम. मला वजन करायची सवय आहे. घेवडा सातशे ग्रॅम, टोमॅटो दोन किलो शंभर, भोपळा सव्वाचार किलो. काट्यावर ठेवलेल्या भाजीचा फोटो मी बाबांना पाठवायची. त्यांचं उत्तर एका शब्दाचं असायचं. "चव?" मी लिहायची, "चांगली." दुसरं काय लिहायचं ते मला कधी सुचलं नाही. गेल्या दसऱ्याला त्यांनी लावलेल्या झेंडूचं तोरण दाराला लावलं आणि व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले, "रंग बरा आलाय. वास येतो का गं?" तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही जुलैत या. खायला."

"आणि लावणार कोण?"

"मी."

"तू टेपनं बी पेरशील."

"पेरीन. तुम्ही खायला या."

ते हसले, म्हणाले, "बरं... मग पानात काय वाढणार ते आत्ताच सांग." मी यादी सांगितली. प्रत्येक पदार्थाला ते "चालेल" म्हणत गेले. पुढे व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळाली. अर्ज जुलै ते सप्टेंबरचा होता.

कऱ्हाडहून आल्यावर दोन आठवडे मंदार परसाबद्दल काही बोलला नाही. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आपण ती जागा सोडून देऊ या. बाबांसाठी घेतली होती." फेराइनला द्यायचं पत्र त्यानं तयारच केलं होतं. करार दोघांच्या नावावर आहे, म्हणून दोघांच्या सह्या लागतात. त्याची झालेली होती. मी म्हटलं, "अरे, मी त्यांना सांगितलंय, मी लावीन म्हणून." तो म्हणाला, "कोणासाठी, मेघना?" मी पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि सही केली नाही. मंदारला मी दोष देत नाही. त्या पाच वसंतांत तो बहुतेक कामासाठी बाहेरगावी असायचा. बाबांच्या तीन महिन्यांतले किती दिवस त्याच्या वाट्याला आले, हा हिशेब मी करू शकते. त्यानं तो केला असणार, म्हणून मी काढला नाही.

मग मी एकटीच जायला लागले. पहिल्यांदा कंपोस्ट उलटलं तेव्हा कळलं की ते किती जड असतं. पाणी सुरू झालं त्या दिवशी नळ गळत होता, आणि बाबा गळतीला काय गुंडाळायचे हे मी कधी बघितलंच नव्हतं. मेथी उगवली. तोडून घरी नेली, भाजी केली, लसूण जरा जास्तच घातला. इरानं जर्मनमध्ये विचारलं की आजोबांची अशीच असायची का. मी हो म्हटलं. अक्षय तृतीयेला कामावर जायच्या आधी जाऊन मी एक आळं केलं, खत घातलं, पाणी दिलं आणि रिकामं ठेवलं. फ्राउ लिंडनर कुंपणापाशी आल्या. त्यांना बातमी मीच एप्रिलमध्ये दिली होती. त्यांनी आळ्याकडे बघितलं. या वेळी मान डोलवली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या, मी झारी भरून आणेपर्यंत.

संत होऊन गेले. त्यानंतरच्या शनिवारी मी चौदा रोपं खोक्यात घालून परसात नेली. टेप खिशात होती, पण मी कुदळ घेतली आणि दांडा मातीवर आडवा ठेवला. पहिल्या खाचेपासून चौथ्या खाचेपर्यंत तीन विती, एक टोमॅटो. सहज म्हणून खाचांवर हात पसरून बघितला. माझी वीत दोन बोटं कमी पडते. नऊ रोपं लावून झाली तेव्हा फाटक वाजलं. मंदार होता. जागा परत करायची तर शेड रिकामी करावी लागते, तिथे काय काय आहे ते बघायला आला होता. आत जाऊन त्यानं जरा वेळ वस्तू हलवल्या. बनियनच्या पट्ट्यांचा गुंडाळा हातात घेऊन बाहेर आला, तो त्यानं खाली ठेवला नाही. माझ्याजवळ येऊन कुदळीकडे बघत म्हणाला, "ह्या खाचा कसल्या?"

"बाबांची वीत आहे. माझी पुरत नाही."

तो खाली बसला. अंगठा एका खाचेत ठेवून हात पसरला. करंगळी दुसऱ्या खाचेत बसली, मागेपुढे जराही नाही. त्यानं हात उचलला नाही. मी झारी घेऊन नळावर गेले, पाणी पुरेसं होतं तरी. परत आले तेव्हा त्यानं विचारलं, "टोमॅटोला किती?" मी म्हटलं, "तीन." त्यानं कुदळ बाजूला ठेवली आणि मातीवर हात पसरून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. उरलेली पाच रोपं त्यानं लावली. मी टेप खिशातून काढली नाही.

पत्र अजून फ्रिजवरच आहे. त्यानं सहीचं विचारलं नाही आणि मी ते खाली काढलेलं नाही. जागा राहील की जाईल, हे मला आज सांगता येणार नाही. कुदळ शेडमध्ये दाराच्या उजव्या हाताला, बाबा लावायचे त्याच खिळ्यावर आहे. आत जाताना हात आपोआप त्या खाचांवर जातो. संत गेल्यावर आळ्यात लावलेल्या भोपळ्यानं तिसरं पान काढलंय. टोमॅटो जुलैच्या शेवटी लाल व्हायला लागतील, म्हणजे बाबांच्या व्हिसाच्या तारखांत. यंदा पहिला मी काट्यावर ठेवणार नाही, तिथेच उभ्यानं खाणार आहे. चव कशी आहे ते तेव्हा मला नीट सांगता येईल. कोणाला सांगायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.