आबांनी मोकळे केलेले पाय

मी उंच उडी मारते हे आबांना ठाऊक होतं, पण हा विषय आमच्या घरात निघत नसे. निघाला की भांडण ठरलेलं. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी तालमीत राहिलेले, आसपासच्या जत्रांत कुस्त्या मारलेले, पुढं गुळाच्या अडत दुकानात कामाला लागलेले. स्वतः लंगोट लावून अख्ख्या गावासमोर उतरलेल्या माणसाला मुलीच्या अर्ध्या चड्डीची लाज वाटायची! हे मी त्यांना एकदा तोंडावर सुनावलंसुद्धा. मग बरेच दिवस अबोला. हट्ट मला त्यांच्याकडूनच मिळाला होता, त्यामुळे मीही बोलले नाही.

मी कॉलेजात असताना, सत्तरच्या आसपास, राज्याच्या संघासाठी निवड होती आणि ती कोल्हापुरातच होती. आदल्या दिवशी जेवताना आबा ताटाकडं बघतच म्हणाले, "उद्या मी येणार हाय बघायला."

आई वाढायची थांबली. त्यांनी एकदा बघावं, एवढंच तर मला इतकी वर्षं हवं होतं. निवड होवो न होवो, त्यांच्या डोळ्यांदेखत ती आडवी काठी पार करायची, असं मी ठरवून टाकलं.

ते आले फेटा बांधून, लग्नाला आल्यासारखे. मैत्रिणी हसल्या. मला राग आला आणि आनंदही झाला.

माझी एक सवय होती. उडीआधी मी बसायची नाही. दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी नाचणं, मग धावत एखाददुसरी हलकी उडी. नाव पुकारेपर्यंत हेच. आमच्या खेळाच्या बाई म्हणायच्या, तव्यावरची लाही आहेस नुसती. आबांना मात्र माझा तो नाच बघून वाटलं, पोरगी घाबरली.

"बस खाली. अंग आखडलंय तुझं," म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल गवतावर पसरला.

तालमीत लढत झाल्यावर पोरांचे पाय ते असेच मोकळे करत. माझी टाच तळहातात धरून त्यांनी पाय सरळ ठेवून हळूहळू वर रेटला आणि तसाच धरून ठेवला. मग दुसरा. मग पाठ दाबून कपाळ गुडघ्याला टेकवलं. पुन्हा पहिला पाय. "श्वास सोड," म्हणत होते. पोत्यांनी खरखरीत झालेले ते हात. मोठी झाल्यापासून आबांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. लांबून बाई दोरी हलवून मला उठायची खूण करत होत्या. मी तोंड फिरवलं. इतकं बरं वाटत होतं की डोळे मिटायला लागले.

नाव पुकारलं आणि मी त्या टॉवेलवरून उठून थेट धावले. पाय अगदी सैल, हलके. पण रोज जमीन जशी उलट ढकलायची, तशी ढकलेना. रोज हसत पार होणारी उंची, आणि मांडीला निसटती लागून काठी खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. जिला मी नेहमी मागं टाकायचे, ती पोरगी संघात गेली.

परतताना आबा सायकल हातात धरून चालत होते. रंकाळा मागं पडल्यावर म्हणाले, "माझाच पायगुण. रोज मारतीस, आणि आज मी आलो तर..."

मी रडत होते, जगावर चिडले होते. "तसं नाही हो," एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मी ते म्हटलं नाही.

त्यानंतर आबा कधी मैदानावर आले नाहीत. पुढं मी एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मी विसरलेला डबा आबा त्या शाळेत घेऊन यायचे, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत.

शाळेत पावसाळ्यात मैदान बंद. मी मुलींना व्हरांड्यात बोटाला खडू लावून उडी मारायला लावी. जिथं बोट पोचेल तिथं भिंतीवर खूण. एकदा आधी खाली बसवून बराच वेळ पाय ताणून धरायला लावले, तर बहुतेकींच्या खुणा बोटभर खाली आल्या. आळशी म्हणून मी ओरडले. दुसऱ्या दिवशी नुसत्या दोरीवरच्या उड्या, खुणा पुन्हा वर. मग पावसाळाभर आलटून पालटून बघितलं. थोडं ताणून नंतर नाचलं, तर बिघडत नसे. खूप वेळ ताणून तशीच उडी मारली, की खूण खाली. का, ते मला सांगता येईना. पण त्या भिंतीसमोर मी थिजले. त्या दिवशी टॉवेलवरून उठून थेट धावले, तेव्हा माझी काठीही तेवढ्यानंच पडली होती.

तशीच घरी गेले. आबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"आबा, त्या निवडीच्या दिवशी तुम्ही आला म्हणून न्हाय झालं ते."

त्यांनी मान वर केली. इतकी आशा मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. "मग कशानं झालं?"

माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. तेलानं चमकणारे, तेच हात. मला ते सांगवेना.

"पाय घसरला माझा. माती ओली हुती."

आबांनी बाटलीला बूच लावलं. "न्हाय पोरी. माती कोरडी हुती. मी बघत हुतो की."

आता तरी आबा आत येतील म्हणून दुसऱ्या दिवशी मी डबा मुद्दाम घरी विसरले. आबांनी तो आणला, फाटकावर शिपायाच्या हातात दिला आणि आत न बघता परत गेले.