गव्हाची वरची पट्टी

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायची सवय नाही, म्हणून चुकांबद्दल आधीच माफी मागतो. उत्तरेतल्या मनीमाजऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आज भिजवलेल्या गव्हाचा वास आला आणि दोन वर्षांपूर्वीची लॅब आठवली. उष्णतेत ठेवलेल्या गव्हाच्या रोपांतल्या एका जनुकाच्या संदेशाचे रेणू लांबीप्रमाणे वेगळे करून फोटो काढला होता; त्यात एकच पट्टी दिसायला हवी होती, रेणू जितका लांब तितकी पट्टी वर. मला दोन दिसल्या. माझ्याच हातून नमुना बिघडला, आता लॅबमधून काढतील, या भीतीने मी वरची पट्टी फोटोतून कापून टाकली. "काऊन रे, फोटोचा वरचा भाग कुठे आहे?" लॅब चालवणाऱ्या, मूळ नागपूरच्या आमच्या मॅडमनी विचारलं. मी चाचरत खरं सांगितलं. "वेडा आहेस का यार? पुन्हा कर, आणि दिसेल ते सगळं दाखव." पुन्हा केलं, तरी पट्ट्या दोनच आल्या. परवा मॅडमचा फोन आला, आता कारण सापडलंय: उष्णतेत रोप त्या जनुकाच्या संदेशातला एरवी कापून टाकायचा एक तुकडा न कापता तसाच ठेवतं, म्हणून संदेश लांब राहतो, आणि त्याचं प्रथिन कमी बनवतं, वरची पट्टी खरीच होती.