पुण्याच्या पुढचा तुकडा

पडद्यावरच्या मराठी ओळीवरून काका पेनाचं टोपण सरकवत न्यायचे आणि स्वल्पविराम आला की टक्‌ करून आपटायचे. "थांबा. इथे तोडा." तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त प्रोग्रॅमर असेल, घरात ऐकायला कुणी नाही म्हणून कम्प्युटरशी बोलणारा.

शनिवार पेठेतून आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचे डबे पोचवतो. लोकांनी आपापल्या तऱ्हेने लिहिलेल्या पत्त्यांचे तुकडे करून डब्यावरच्या चिठ्ठ्या छापायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"अहो ताई, मराठी मजकूर वाइड कॅरेक्टरमध्ये ठेवायचा. म्हणजे प्रत्येक चिन्हाला ऐसपैस खण. मग एकेक खण बघत जायचं, स्वल्पविराम आहे का, तिरकी रेघ आहे का. सापडली की आधीचा तुकडा उचलायचा."

"आणि नाही सापडली तर?"

"पुढे चला. मंडईत काय प्रत्येक गाळ्यावर थांबता?"

एकदा एका आजींचा डबा संध्याकाळी पुढच्या दाराला तसाच लटकलेला सापडला. पुढची कडी त्यांच्याने निघत नसे. पत्त्याच्या शेवटी त्यांनी 'मागच्या दाराने या' असं लिहिलं होतं, पण चिठ्ठीवर ते आलंच नव्हतं. स्वल्पविरामाची किंवा रेघेची खूण सापडली की काकांचा प्रोग्रॅम आधीचा तुकडा उचलत असे. शेवटच्या तुकड्यानंतर खूणच नसते, म्हणून तो कायम मागे राहत होता. बाकी सगळ्यांचा शेवटचा तुकडा 'पुणे'. पुण्यात राहून पुणे गळाल्याचं कुणाच्या लक्षात येणार!

काकांनी तिथल्या तिथे प्रोग्रॅम दुरुस्त केला. शिवाय गुडघे दुखत असतानाही त्या आजींचा डबा ते स्वतः नेऊ लागले. "माझ्यामुळे उपाशी राहिल्या हो," एवढंच म्हणायचे. तेव्हापासून मला ते फार आपले वाटू लागले.

मागच्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं. काकू आधीच गेलेल्या. डबा सुरू करायला त्यांनी फोनवर स्वतःचा पत्ता सांगितला, नेहमीच्या तुटकपणे, स्वल्पविरामांसकट. पेठ झाली, पुणे झालं. मग म्हणाले, "स्वल्पविराम. घाई नसेल तर थोडं बसा."

चिठ्ठीवर ते शब्दन्‌शब्द छापून आलं. तो डबा मी दुसऱ्या कुणाला नेऊ दिला नाही. ते जेवत, मी समोर बसे, आणि भाजीत मीठ कमी असल्याचं ते मला रोज ऐकवत.

काका गेले. दुपारी सगळे डबे निघाले की मला बसायला कुठे जायचं नसतं, आणि ती वेळ खायला उठते.