विष्णूच्या पडद्यामागे

विष्णू, तू चीटिंग केलीस.

दरवर्षी या तारखेला लोक तुझ्या फोटोखाली हात जोडतात. मला मात्र तुझ्याशी भांडायचं असतं.

ज्यांना विष्णू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

देवगाव रंगारीचा. घरी मेंढरं. स्वतः वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी आम्हाला राक्षसांशी लढवायचा.

म्हणजे रोल प्लेइंग गेम. टेबल, फासे, कागद आणि भरपूर तोंड. एक जण गोष्ट चालवतो, तो मास्टर. राक्षस सगळे त्याचे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन लढतात.

आमच्यात बाकीचे म्हणजे दोघंच. मी, आणि सिल्लोडचा इरफान, ज्याचं मेडिकल आहे.

जागा विष्णूचा बीड बायपासपलीकडचा नवा फ्लॅट. बिल्डरनं लिफ्ट दिली, जिम दिली, गेटवर कारंजं दिलं. पाणी तेवढं द्यायचं राहिलं. त्या दुष्काळात कारंज्यात कुत्री झोपायची.

टेबलावर विष्णू मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करायचा. हा त्याचा पडदा. पलीकडे तो आणि त्याचे राक्षस, अलीकडे आम्ही दोघं.

भांडण कायम एकच. राक्षसाचा एचपी सांग. म्हणजे त्याचा जीव किती उरलाय ते.

"नाय सांगत."

"अरे, अंदाज तरी?"

"शुभे, लांडगा काय आपलं वजन सांगून येतो का? आमच्या आबाला बी लांडगा दिसत नसतो. मेंढरं एका जागी दाटली की त्याला कळतं. तू बी बघायला शीक."

एकदा आम्ही हट्टच धरला, तर त्यानं वैतागून आकडा सांगून टाकला. मग काय, आम्ही दोघं मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलो. तुझी तलवार किती, माझा बाण किती. राक्षस मेला, पण कुणी साधं ओरडलंसुद्धा नाही.

"बघा," विष्णू म्हणाला. "आकडा कळला की तुम्ही लढत नाय, हिशेब करता."

खरं होतं त्याचं. पुन्हा आम्ही आकडा मागितला तो फक्त त्याला छळायला.

पण त्याचा स्वतःचा एक नियम होता. राक्षसाचा निम्मा जीव गेला की तो सांगायचा, "वाकला."

एवढाच शब्द. राक्षस उंदराएवढा असला तरी सांगायचा. कधी चुकला नाही.

"मग एवढं तरी कशाला सांगतोस?" मी विचारलं होतं.

"आकडा माझा. पण थांबायचं का पळायचं, ते तुमचं तुम्हाला ठरवता आलं पाहिजे. तेवढं बी नाय सांगितलं तर तो खेळ नाय शुभे, दगाबाजी हाय."

दगाबाजी. शब्द तुझाच आहे, विष्णू.

त्या उन्हाळ्यात तो वाळायला लागला. खेळता खेळता पोट दाबून बसायचा.

"टँकरचं पाणी लई बाधलंय," म्हणायचा.

त्या वर्षी अख्ख्या कॉलनीचं पोट बिघडलेलं होतं. त्यात याचं दुखणं वेगळं आहे हे कुणाला कळणार? मी त्याला पाण्याचा जार आणि ओआरएसची पाकिटं नेऊन दिली. वर लेक्चरही दिलं, पाणी उकळून पीत जा म्हणून.

इरफान समोरच बसला होता. त्या पाकिटांकडे बघत होता.

मग तो रविवार. कोरड्या विहिरीतला राक्षस, ऐन रंगात आलेली लढाई, आणि माझ्या आईचा फोन.

"शुभा, टँकर आलाय गल्लीत. ये लवकर, माझ्याच्यानं ड्रम नाय भरत."

मी चप्पल घालून दारात उभी राहिले. विचारलं, "राहू की जाऊ?"

"जा. पाणी सोडू नको. राक्षस कुठं पळून जातोय?"

इरफाननं तोंड उघडलं होतं. विष्णूनं त्याच्याकडं बघितलं. इरफान फासा नुसता हातात फिरवत बसला.

मी गेले. ड्रम भरले.

पुढचा रविवार उजाडायच्या आत विष्णू गेला.

पोटात गाठ होती. मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर कळलं. इरफानला पहिल्या रिपोर्टपासून माहीत होतं, औषधं त्याच्याच मेडिकलमधून जात होती.

"मेरेकु कसम दिया उसने," इरफान रडत होता. "बोला, शुभांगीकु मत बोल. उसकु मालूम पडा तो खेलेगी नै, हिसाब करते बैठेगी."

पुढे वर्षभर मी इरफानशी बोलले नाही. मला वाटायचं अलीकडे आम्ही दोघं आहोत. तो केव्हाच पडद्यापलीकडे जाऊन बसला होता. अलीकडे मी एकटीच खेळत होते, तेही मला माहीत नसताना.

आता बोलतो आम्ही. किती दिवस धरून ठेवणार? बायपासपलीकडे आता बिल्डिंगच बिल्डिंग झाल्या आहेत. कारंजंसुद्धा चालतं म्हणे.

मागच्या आठवड्यात इरफान पुठ्ठा आणि फासे घेऊन घरी आला. "वो कुएँवाले को खतम करते," म्हणाला.

"त्याचा एचपी किती उरला होता?"

त्यालाही माहीत नव्हतं. आकडे तू कधी कागदावर लिहिलेच नाहीस, सगळे डोक्यात. आम्ही चहा प्यायलो. फासे होते तसे पिशवीत गेले.

विष्णू, तुझं म्हणणं मला कळतं. तुला रविवार रविवारसारखेच हवे होते, समोर रडकी तोंडं नको होती. कळतं, पण माफ होत नाही.

आकडा मी मागितला नसता. डॉक्टर किती महिने म्हणाले, हेही विचारलं नसतं.

मी दारात उभी राहून विचारलं होतं, राहू की जाऊ.

तेव्हा "वाकलो" एवढंच म्हणायचं होतंस.

टँकर गेला असता तर गेला असता.

श्रद्धांजली वाहते, विष्णू. राग माझ्याकडेच ठेवते.