भिकाची कोरडी जीप

भिका बोलायला लागला की आधी घसा खाकरायचा, मग मानेला एक झटका, आणि मग "आता बघा." सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरची पोरं त्याची ही नक्कल करायची, आणि भिका समोर आला तरी थांबायची नाहीत, कारण तोही हसायचा. पाड्यावर चारचाकी एकच आणि ती भिकाची. लिलावातून आणलेली जुनी डिझेल जीप, चारही चाकांनी ओढणारी. बाजाराला माणसं नेणं, रेशन आणणं, नवरीला मांडवात पोचवणं, सगळं तिच्यावर. पण पावसाळ्यात नदीची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली गेली की जीप, भिका आणि अख्खा पाडा अलीकडेच अडकून पडायचा.

गेल्या वर्षी रोशनी अशीच अडकली. भिकाची ही मुलगी बारावीला एकट्या इंग्रजीत राहिलेली, आणि पुरवणी परीक्षा ऐन पावसात. जीप फरशीच्या मध्यावर गेली, इंजिनाने पाण्याचा एक घोट घेतला आणि घुर्रर्र करून गप्प झालं. पाड्याने दोर लावून जीप ओढून काढली, पण पेपर गेला तो गेलाच. फेब्रुवारीत ती परत बसली, परत इंग्रजीतच राहिली. यंदाच्या पुरवणीचाही गेला तर पुढचं मामाने ठरवून टाकलं होतं. रोशनीने भिवंडीच्या गोदामात त्याच्याबरोबर पॅकिंगला यायचं आणि नर्सिंगचं नाव परत काढायचं नाही.

म्हणून भिका उन्हाळ्यापासूनच जीपच्या मागे लागला. मोखाड्याचा मेकॅनिक बाबल्या काही वर्षं मुंबईच्या गॅरेजात राबलेला. येताना तिथली हिंदी घेऊन आला आणि ती परत द्यायला विसरला. "देख भिकाशेठ, डिझेल को पाणी का डर नाय. उसको हवा मंगता, बस." हवा पाण्याच्या वरून घ्यायची तर पाईप हवा. पाड्यावर नळाचे पाईप कधीचे येऊन पडले होते, पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. त्यातला एक भिकाने बॉनेटमधून काढून काचेच्या कडेने टपाच्या वर नेला, म्हणजे इंजिन आता तिथून श्वास घेणार. एक्सलच्या श्वासाच्या भोकांना सलाईनच्या नळ्या जोडून उंच बांधल्या. पंख्याचा पट्टा पाण्यात शिरण्याआधी सोडायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून इंजिनाला आंघोळ घालतो. जीपच्या नाकावर ताडपत्री बांधायची, म्हणजे पाणी दोन्ही अंगांना फाकतं. इथपर्यंत बाबल्याचं डोकं.

पुढचं डोकं भिकाचं. गेल्या वर्षी जीपच्या तळातून पाणी वर आलं होतं, रोशनीची पुस्तकं भिजून लगदा झाली होती. यंदा एक थेंब आत येऊ द्यायचा नाही, असं त्याने मनाशी धरलं. रस्त्याच्या ठेकेदाराने रस्त्याच्या आधी डांबराचं पिंप पाठवलं होतं. रस्ता आलाच नाही, पिंप राहिलं. घरात भाताची कणगी शेणाने लिंपतात, फट चाचपून, बोट फिरवून, तशी भिकाने जीप आतून डांबराने लिंपली. तळाची भोकं, पत्र्याचे सांधे, मागचा फाळका, काही सोडलं नाही.

त्याची बायको हिरी दारात उभी राहून बघत होती. कणगीत दाणे ठेवतात, ह्यात काय ठेवणार, असं तिने विचारलं.

"तुझी पोरगी," भिका म्हणाला.

मग जीपमध्ये हंडे रिकामे करून त्याने पाड्याला दाखवलं. खाली एक थेंब गळला नाही. त्याच आठवड्यात जव्हारहून त्याच्या बहिणीचा, काशीचा फोन आला. परीक्षेचं केंद्र इथंच आहे, पोरीला आधीच पाठव, माझ्याकडे राहील. भिकाने घसा खाकरला. दुसऱ्याच्या दारी पोरीने इतके दिवस कशाला जेवायचं, आपली गाडी आहे ना. आता बघा.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी ते निघाले. फरशीवर कंबरेएवढं लालभडक पाणी. शेजारचा नवशा बांबूने तळ चाचपत पुढे झाला. कंबरेला दोर, दोराचं दुसरं टोक जीपच्या नाकाच्या कडीला. तो पलीकडे पोचला, तसा भिकाने पट्टा सोडला, लो गिअर टाकला आणि जीप पाण्यात घातली.

इंजिन मस्त बोलत होतं. टपावरचा पाईप सुस्कारे टाकत होता. रोशनीने दप्तर मांडीवर घट्ट धरलं होतं, पायाखाली कोरडं ठणठणीत. भिका गालात हसला. मग स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं. उजवीकडे फिरवलं, काही नाही. डावीकडे फिरवलं, काही नाही. जीपचं ढुंगण हळूहळू प्रवाहाबरोबर वळलं, जीप आडवी सरकायला लागली, आणि मागचं चाक फरशीच्या कडेच्या दगडी खुंटाला धडकलं. तेवढ्यावर ती टेकून राहिली, हेलकावे खात.

पलीकडून नवशा ओरडला, "भिकादा, चाकं टेकलीच नाय! तरंगते गाडी!"

भिकाने वेग दिला. चारही चाकं पाण्यात नुसती भिरभिरली. वेग कमी केला. खुंटावर पत्रा करकरला. पुढे जाता येईना, मागे येता येईना, उतरावं तर पाणी ओढून नेणार. इतकं कोरडं बसून त्या नदीत आजवर कोणी अडकलं नव्हतं.

"बा," रोशनी म्हणाली, "पाणी आत घे."

"एवढी लिंपली, ती काय आत घ्यायला?"

"मग बसू इथंच. कोरडं."

भिकाने तिच्याकडे पाहिलं. मग सीटखालची लोखंडी टॉमी ओढली आणि तळाच्या डांबरावर घातली. आपलंच काम, हट्टी निघालं. तिसऱ्या की चौथ्या घावाला भोक मोकळं झालं आणि पाण्याचं कारंजं थेट त्याच्या तोंडावर आलं. दुसरं फोडलं, फाळक्याची फट फोडली. पाणी घोट्यावर, पोटरीवर, सीटवर चढलं. जीप जडावली, डुलायची थांबली आणि बुडकन बसली. तीन चाकं फरशीवर आली, मागचं एक कडेच्या खाली लोंबकळत राहिलं. आता ती वाहून जाणार नव्हती, पण बाहेरही निघणार नव्हती.

पण नाक काठापासून फार लांब नव्हतं. नवशाने दोर काठावरच्या सादड्याच्या झाडाला ताणून बांधला. जीप डुलत होती तोवर या दोराचा भरवसा नव्हता, आता तो काठीसारखा सरळ झाला. फक्त जीप हलायला नको. हँडब्रेक होता तो नावाला, म्हणून भिकाने ब्रेकवर सगळं अंग टाकलं.

"जा. दोर सोडू नको. मागं बघू नको."

"आणि तू?"

"मी दाबून धरतो."

हॉल तिकीट प्लॅस्टिकमध्ये होतं. तिने दप्तर ओढणीने डोक्यावर बांधलं, बॉनेटवरून सरकत नाकाशी उतरली आणि कंबरभर पाण्यात दोराला लटकली. एकदा तिचा पाय सुटला, तेव्हा भिकाने ब्रेक आणखी दाबला. नवशाने हात घालून तिला वर ओढलं. तिने मागे पाहिलंच, मग दोघं चढाने वरच्या रस्त्याकडे दिसेनासे झाले.

अलीकडच्या काठावरून हिरी काहीतरी ओरडत होती. पाण्याच्या आवाजात फक्त तिचे हात कळत होते. भिका पोटापर्यंत पाण्यात, इंजिन चालू, नजर चढावर.

बऱ्याच वेळाने वर शेअर गाडीचा हॉर्न वाजला. मग नवशा काठावर आला आणि हाताने खूण केली: बसली, गेली.

भिकाने मान हलवली. ब्रेकवरचा पाय मात्र काढला नाही. काढून जाणार कुठे?